ठोका पडेपर्यंत

शालिकरामच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं नाही. कितीदा तरी कागद पुढे घेतला, 'प्रिय शालिकराम' एवढं लिहिलं आणि पेनाला टोपण लावून बसून राहिलो.

अठ्ठ्याऐंशी सालचा हिवाळा होता. मी निवृत्त होऊन माजरीला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. शालिकराम माझा जुना विद्यार्थी. गडचिरोलीच्या पुढे एका गावात तो शाळेत खेळांचा मास्तर झाला होता. त्यानं लिहिलं होतं की, परदेशातले काही पोहणारे उताणं पोहण्याच्या शर्यतीत सुरुवातीला वर येतच नाहीत. दोन्ही पाय जोडून, माशासारखे हलवत, पाण्याखालूनच पुढे जातात. हे त्यानं पेपरात वाचलं होतं. त्याच्या शाळेतली गोकुळा नावाची धिवराची, म्हणजे मासेमाराची मुलगी तसंच करू शकत होती. संक्रांतीनंतर नागपूरला विभागाच्या स्पर्धा होत्या. 'सर, गुडघा किती वाकवायचा? जोर कुठून यायला पाहिजे? किती वेळ खाली राहायचं? इथे विचारायला कोणी नाही. तुम्ही इतकं वाचता, तुम्हीच सांगा.'

मी वाचतो हे खरं. पण मला पोहता येत नाही. वैनगंगेच्या पुलावरून एसटी जाते तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत नाही. अशा माणसानं कोणाच्या मुलीला पाण्याखाली कसं वागावं हे सांगायचं?

एका पुस्तकात माशांच्या चालीवर एक प्रकरण होतं. ते वाचून एवढं कळलं की जोर गुडघ्यातून नाही, पोटातून निघायला हवा. लाट पोटातून कमरेत, कमरेतून मांडीत, आणि शेवटी पावलात उतरते. गुडघा फार वाकवला तर मांडी समोरच्या पाण्यावर आपटते आणि आपलाच वेग आपण मारतो. पाय जाताना आणि येताना, दोन्ही वेळा पाणी मागे ढकललं गेलं पाहिजे. पण मासा वेगळा आणि गोकुळा वेगळी. मी लिहिलं नाही.

मग एका दुपारी विज्ञानाच्या जुन्या मासिकात श्वासावरचा लेख दिसला. दम कोंडल्यावर आपण कासावीस होतो ते प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, वापरलेली हवा अंगात साठल्यामुळे. आधी भराभर श्वास घेतले तर ती हवा धुतली जाते. मग जीव घाबरत नाही. प्राणवायू मात्र संपतच असतो, आणि हातपाय हलत असले तर लवकर संपतो. माणूस न धडपडता, शांतपणे बेशुद्ध होतो.

मी शालिकरामचं पत्र पुन्हा काढलं. शेवटी त्यानं कौतुकानं लिहिलं होतं, 'खाली जायच्या आधी ती भात्यासारखे भराभर श्वास घेते. तिच्या आईनंच शिकवलं आहे.'

तार करावी असं वाटलं. पण तारेत काय लिहिणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीत बसलो.

गावाजवळच्या तलावाच्या पाळीवर, बांधावर, गोकुळाची आई, ठमाबाई, जाळं शिवत बसली होती. शालिकराम पळत आला, पाया पडला. मी वाटेत सगळं घोकून आलो होतो. तिथे मात्र माझे शब्द एकमेकांत अडकले. प्राणवायू, वापरलेली हवा, लेख, मासिक. शालिकराम हसला.

"सर, धिवराची पोर आहे ते. चालायच्या आधी पोहाले शिकली. पाण्यात तिले काय होते?"

तो म्हणतो ते बरोबरही असेल. मी काय पाहिलं होतं?

गोकुळा पायऱ्यांवर वेणी डोक्याला गुंडाळून बांधत होती. तेरा वर्षांची, काटक. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आजोबा, तुमाले पोहता येते का?"

"नाही."

"मंग पाण्याच्या एवढ्या जवळ काऊन उभे राह्यले?"

"गोकुळे!" ठमाबाई ओरडली. पण हसलीही.

तिनंच मग मला त्यांची रीत सांगितली. तलावाच्या तळाशी जुन्या झाडांचे खुंट आहेत. जाळं खुंटाला अडकलं की एक जण बुडी मारून सोडवतो, दुसरा वर डोंग्यात, छोट्या होडीत बसतो. डोंग्यातल्या माणसानं वल्ह्याच्या दांड्यानं बुडाशी ठोका मारला की खालच्यानं वर यायचं. पाण्यात ठोका चांगला ऐकू येतो.

"ठोका पडल्याबिगर वर याचं नाई," ठमाबाई म्हणाली. "खालच्याले वेळ समजत नाई न, भाऊ. वरच्याले समजते. हे लहानपणापासून तिच्या अंगात आहे."

जाळं सोडवणारा माणूस खुंटाला धरून जवळजवळ स्थिर असतो. ही मुलगी सगळं अंग घुसळत जाणार होती. हे मला सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात शालिकराम म्हणाला, "रोज ठमाबाई ठोका मारते, पण मायेचं काळीज, लवकर मारते. आज मी मारतो. चला सर, डोंग्यात बसा. वरून झकास दिसते."

नाही म्हणायला मला जमलं नाही. डोंगा हलला. दोन्ही काठ घट्ट धरून मी बसलो. वल्हं माझ्या पायाशी पडलं होतं.

गोकुळानं दगडाला पाय लावले. भात्यासारखे श्वास सुरू झाले. हुस, हुस, हुस. मग दगडाला रेटा देऊन ती उताणी पाण्याखाली गेली.

हिवाळ्यातलं पाणी नितळ होतं. हात डोक्यामागे जोडलेले, डोळे उघडे, तोंड आमच्याकडे. आणि ती लाट! पुस्तकातली आकृती जिवंत होऊन खाली चालली होती. पोटातून कमरेत, कमरेतून पावलात. गुडघे जेमतेम वाकत होते. क्षणभर मी भीतीसुद्धा विसरलो. शालिकराम एका हातानं काठीनं डोंगा रेटत होता, दुसऱ्या हातात घड्याळ.

"पाहा सर, पाहा! कालच्याहून पुढे गेली!"

मग लाट बदलली. पोट हलायचं थांबलं. नुसते गुडघे वाकू लागले, जास्त, आणखी जास्त. पावलं पाणी ढकलत नव्हती, नुसती वरखाली होत होती. तिचे डोळे उघडेच होते. माझ्याकडेच बघत होते.

"शालिकराम," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही.

तो घड्याळात बघत होता. मी चुकत असेन तर? तिचा दम अजून असेल, आणि मी अडाण्यासारखा ठोका मारून सगळं बिघडवलं तर? हा विचार मी तेव्हाही केला. डोंगा कलंडेल या भीतीनं काठ सोडवत नव्हते. तिचा एक पाय दुसऱ्यापासून सुटला.

मी काठ सोडले, वल्हं उचललं आणि डोंग्याच्या बुडाशी दांडा आपटला. पुन्हा आपटला. आपटतच राहिलो.

ती आली नाही. ठोका पडूनही ती वर आली नाही.

पाळीवरून ठमाबाईची किंकाळी आली. "मास्तर! घड्याळ पाहून राह्यले का माह्या पोरीले?"

शालिकरामनं उडी टाकली. डोंगा गर्रकन फिरला, मी आडवा पडलो. मान वर केली तेव्हा तो तिला बगलेत धरून पायऱ्यांकडे नेत होता. तिचे ओठ जांभळे होते. ठमाबाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तिनं लेकीला ओढून घेतलं, पालथं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. गोकुळा खोकली. पाणी ओकली. मग मोठा, घरघरता श्वास.

तिनं डोळे चोळले आणि चिडून आमच्याकडे पाहिलं.

"आज ठोका काऊन नाई मारला? मले तं अजून लय दम होता. मी आपल्या मनानंच वर आली न?"

शालिकरामच्या हातातलं घड्याळ तलावात गेलं होतं, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. मला थंडी भरली ती तिच्या त्या वाक्यानं. आपली शुद्ध गेली होती हेच तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीपर्यंत ठमाबाई लेकीपाशी बसून होती. गाडी दिसली तेव्हा जवळ आली.

"भाऊ, तुमी बोलता तवा खाली पाह्यता, मले काई समजत नाई. लिहून पाठवा. काय कराचं, काय नाई. मास्तर वाचून दाखवीन. पटलं तं पोर नागपूरले जाईन. नाई तं तिचं पोहणं आजपासून बंद."

"बंद नको," मी म्हणालो. एवढंच बोललो.

ते पत्र लिहायला मला पुष्कळ वेळ लागला. भराभर श्वास अजिबात घ्यायचे नाहीत, साधा एक श्वास घेऊन निघायचं. ठोक्याची वाट बघायची नाही. दगडाचा रेटा ओसरू लागला की वर यायचं, त्यापुढे खाली राहून वेगही मिळत नाही. वरून बघणाऱ्यानं घड्याळाकडे नाही, पोटाकडे बघायचं. लाट पोटातून सुटली आणि गुडघ्यावर आली की ठोका. ठोका ठमाबाईनंच मारायचा, आणि तिला वाटेल तितक्या लवकर. गुडघा नेमका किती वाकवावा, हे मला माहीत नाही, असंही लिहिलं. ते वाक्य खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

पोस्टाच्या पेटीत हात घातला तरी बोटं सुटेनात. एखादा शब्द चुकला असेल तर? मागून कोणी म्हणालं, "टाका न काका, पेटी काय चावते का?"

मी पत्र सोडलं. आत पडल्याचा आवाज आला.