खाऱ्या पाण्याने धुतलेला जीपीएस

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे. की होतो म्हणू? माझं मलाच नीट कळत नाही, तेव्हा जसं आठवतं तसं सांगतो.

डहाणूजवळच्या आगर गावातल्या नारू तांडेलांच्या बोटीवर मी अकरा वर्षं काम केलं. बोट कुठे आहे आणि जाळं फाडणारे खडक कुठे आहेत, हे मी बिनचूक सांगत असे. नारळी पौर्णिमेला इंजिनाच्या आधी मला हळदकुंकू लागे. मी थोडा चढून गेलो होतो, हे कबूल करतो. मग एका वर्षी माझा पडदा काळा पडला. नव्या यंत्राने माझी जागा घेतली आणि मी जाळ्यांच्या खोलीत पडून राहिलो. फार वाईट वाटलं.

तांडेलांची मुलगी कल्पिता डहाणूच्या कॉलेजात एम.एस्सी. करते. तिने मला मागून घेतलं. "बाबा, भंगारवाला हे तांब्यासाठी जाळेल. माझे जिवाणू न जाळता तांबं काढतील," ती म्हणाली. जिवाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. हे आंबट पाण्यात राहतात आणि धातू विरघळवतात म्हणे. आता मी रोगी की त्यांचा घास, हे मला समजेना.

कल्पिताची आई हंसाबाई बाजारात मासळी विकतात. "कॉलेजात न्यायचं ना? असं घाण कसं नेशील गो?" असं म्हणत त्यांनी माझ्या पोटातली सर्किटची हिरवी पट्टी काढली, अंगणातल्या विहिरीच्या पाण्याने घासघासून धुतली आणि बोंबलांशेजारी उन्हात वाळत घातली. मग तांडेलांनी हातोडीने तिचा भुगा केला. त्या भुग्यातला मी कोणता, ते विचारू नका.

प्रयोगशाळेत पहिल्या बाटलीतले जिवाणू मेले. दुसऱ्या बाटलीतलेही मेले. जिवाणू जगले असते, तर त्यांच्या खाद्यातल्या लोहाने पाणी तांबूस झालं असतं; ते फिकटच राहिलं. आपण विषारी आहोत की काय, अशी मला शंका आली. मुंबईहून आणलेल्या जिवाणूंची आता एकच बाटली उरली होती. सर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत काही दिसलं नाही, तर विषय बदलावा लागेल." कल्पिता दोन वर्षं याच विषयामागे होती. घरी येऊन ती न जेवता बसून राहिली.

"माझं सगळं बरोबर होतं, आई. ते आम्लातसुद्धा जगतात. फक्त मीठ त्यांना सोसत नाही. पण मीठ येणार कुठून?"

मासे कापता कापता हंसाबाईंचा हात थांबला.

"मीच धुतलं ना गो ते. आपल्या विहिरीच्या पाण्याने." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आगरातली ती विहीर खारी. कपडे, भांडी, मासळी, सगळं तिच्याच पाण्याने धुतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. समुद्रावर ज्या मिठाने मला कुरतडलं, त्याच मिठाने मला खाणारे मारले. मग मीठ माझं कोण?

कल्पिताने उरलेला भुगा प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला आणि शेवटच्या बाटलीत टाकला. चौथ्या दिवशी पाणी तांबूस झालं. पुढे तिने ते गाळून त्यात लोखंडी खिळा बुडवला. खिळ्यावर तांबं चढलं. तिने आईला प्रयोगशाळेत बोलावून आणलं.

"एवढंसंच?" हंसाबाईंनी विचारलं.

"एवढंसंच," कल्पिता म्हणाली. ती रडत होती की हसत होती, तेही मला कळलं नाही.

मित्रांनो, मी आता खिळ्यावर आहे, बाटलीत आहे आणि माझी पेटी जाळ्यांच्या खोलीत आहे. यातल्या कोणी बोलावं, हेही ठरत नाही. पण एक विनंती आहे. बंद पडलेलं यंत्र जाळायला देऊ नका. त्याच्या पोटात काय उरलंय, ते त्यालाही ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी हंसाबाई बाजारातून थेट प्रयोगशाळेत आल्या. डोक्यावरच्या टबात मासळी नव्हती, आगरभरचे मेलेले मोबाइल, रिमोट आणि दोन रेडिओ होते. टब दारात उतरवून त्या म्हणाल्या, "घे गो. एकालाही पाणी लावलं नाही मी."