प्रेमाचा पुरावा

सिस्टरच्या नवऱ्याचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला, तेव्हा कारण एका ओळीत लिहून आलं: पती-पत्नीचं नातं खरं वाटत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. इथल्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायला तिला भारतातून पायघड्या घालून बोलावलं, तेव्हा नात्याची चौकशी कुणी केली नव्हती.

वृद्धाश्रमातली पाळी संपवून ती तशीच व्हिसाच्या कचेरीत गेली. साहेब तिशीचा, नखं नीट कापलेली. पुढ्यात दोघांच्या मेसेजच्या भाषांतराचा गठ्ठा.

"यात प्रेम कुठेच नाही," तो म्हणाला. "आईच्या गोळ्या आणल्या. टाकी धुतलीस का. झोप आता. नवरा-बायको असं बोलतात?"

"तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"तरीच," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर तिच्या वकिलीणबाईंनी कपाळावर हात मारला. "त्याला अक्कल शिकवायला जाऊ नका. तीन महिने प्रेमाचं लिहा. लाल बदामाची चित्रं टाका, भरपूर टाका."

नवरा पंपाच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस. 'प्रिये' लिहायचं म्हटल्यावर फोनवर नुसता खोकत राहिला. मग दुकानात बसून रोज दुपारी लिहू लागला: तुझ्याविना श्वास चालत नाही. ती जेवणाच्या सुट्टीत उत्तर द्यायची: तूच माझं आकाश. भर रस्त्यात लुगडं बदलावं तशी लाज वाटायची तिला. मध्येच सासूबाई मोरीत पडल्या, पाय प्लास्टरमध्ये गेला. ते त्याने फोन करून सांगितलं. लिहिलं मात्र बायकोच्या डोळ्यांवर. मेसेजात म्हातारीचं नाव काढायची सोय नव्हती.

चौथ्या महिन्यात साहेबाने नवा गठ्ठा चाळला आणि गालात हसला.

"आता कसं! वाचताना मलाच भरून आलं."

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, याला शब्दांचा खाऊ पुरला. तिला राग आला नाही. राग धरावा इतकीही त्याची लायकी नव्हती. आश्रमातले बोळक्या तोंडाचे म्हातारेसुद्धा याच्यापेक्षा माणसं ओळखायचे.

शिक्का बसला. कचेरीच्या पायरीवर बसून तिने फोन लावला.

"झालं. ये."

"आणि ते लिहिलेलं सगळं?"

"आत्ताच पुसलं."

"मी सकाळीच पुसलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं वाचतोय असं वाटायचं."

"आईंचा पाय?" तिने विचारलं.

"बुधवारी आईचं प्लास्टर काढतायत. तिला ताईकडे सोडतो आणि निघतो."