मीठ आणि माझी दुमडलेली टोकं

मी पार्वो बोलतोय. कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा, तोच. विषाणूंमध्येही मी अगदी किरकोळ अंगाचा. दिसत नाही म्हणून तुम्ही मला मोजत नाही. नका मोजू, माझं काही अडलेलं नाही.

माझा सगळा संसार म्हणजे डीएनएचा एक धागा आणि वर कवच. तुमच्यासारखा दुपदरी थाट नाही. पण त्या धाग्याची टोकं बघा. गोणीचं तोंड शिवताना सुतळीचं टोक मागे दुमडतात, तशी ती स्वतःवरच उलटून चिकटलेली असतात. एका टोकाला दोन छोटे कान आहेत, दुसरं लांब आणि सरळ. ही हौस नव्हे. पेशीतलं नक्कल करणारं यंत्र कोऱ्या जागेवरून सुरुवात करतच नाही, त्याला आधीचं टोक हातात द्यावं लागतं. माझं दुमडलेलं टोक तेच काम करतं. मग पेशी मुकाट्यानं माझ्या नकला काढत बसते आणि शेवटी फुटते. तुम्हाला साधी बारशाची तारीख ठरवायची तर चार माणसं बोलवावी लागतात.

मला फक्त घाईनं वाढणाऱ्या पेशी लागतात. पिल्लाच्या आतड्यात त्या हव्या तेवढ्या मिळतात.

उरणकडच्या एका मिठागरावर नामा नावाचा म्हातारा राहतो. त्याचा मुलगा जीवन ट्रेलर चालवतो. जीवनच्या बुटाला चिकटून मी नामाच्या खोपीत शिरलो आणि त्याचं पिल्लू संपवलं. बायको गेल्यापासून म्हातारा त्या पिल्लाशीच बोलायचा. त्याला पुरून आल्यावर दोन दिवस तो जेवला नाही.

मग त्यानं खोपीत घमेल्यांनी मीठ पसरलं. पिल्लाचं गोणपाट खाऱ्या पाण्यात बुचकळून उन्हात टाकलं आणि पुन्हा तेच अंथरलं. जीवननं दुसरं पिल्लू आणलं होतं, गबरू. सून विनिता म्हणाली की खोपीत ब्लीचिंग पावडर टाकू आणि लसीचे सगळे डोस होईपर्यंत गबरू आमच्या घरीच राहू दे. म्हातारा उखडला.

"मिठान काय बी जगत नाय, मना ठाव हाय. जल्म गेला माझा मिठान."

मला हसू आवरेना. ज्या मिठात तुम्ही मासळी वर्षभर टिकवता, त्यानं मला मारायला निघालात! अहो, मला जपून ठेवणारे शास्त्रज्ञसुद्धा खारट पाणीच वापरतात.

विनिता बाजारात गेली तशी म्हाताऱ्यानं गबरूला उचलून खोपीत आणलं. गबरूनं गोणपाट मनसोक्त चावलं आणि मी आत गेलो. थोड्याच दिवसांत त्याला उभं राहवेना.

विनितानं म्हाताऱ्याला हाक मारली. दोघं गबरूला रिक्षात घालून डॉक्टरकडे गेले. तिथे सलाईन अडकवायला स्टँड मोकळा नव्हता, म्हणून नामाच बाटली धरून उभा राहिला. हात बदलला, पण बाटली खाली घेईना. बाटलीत काय आहे असं त्यानं विचारलं. मिठाचं पाणी, डॉक्टर म्हणाले.

म्हाताऱ्यानं बाटली आणखी उंच धरली. मग सुनेला म्हणाला, "माझा चुकला, पोरी. पन यो जगूं दे."

मी आतून पाणी काढत होतो, ते वरून भरत होते. त्यात विनितानं लसीचा पहिला डोस आधीच दिलेला! गबरूच्या रक्तानं मला ओळखलं आणि घेरलं. तो उठला.

आता खोपीत ब्लीचिंग पडलंय. खोपीच्या लाकडी खांबाच्या, मेढीच्या, फटीत मी थोडासा उरलोय. नामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की गबरूला मिठानं वाचवलं. मूर्ख म्हातारा. मिठानं माझा केससुद्धा वाकडा झाला नाही. पण त्याला अगदीच खोटंही म्हणता येत नाही, हे मला सहन होत नाही. गबरू माझ्याच शेजारी अंग टाकतो, फट चाटतो, ढेकर देतो. माझी टोकं अजून तशीच दुमडून तयार आहेत. त्याच्या अंगात मला विचारतो कोण?

तेव्हा तुमच्याकडे नवं पिल्लू आलं असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे. मीठ पसरा, फिनेल ओता, अंगारा लावा, दृष्ट काढा. ती विनिता काय सांगते तेवढं मात्र ऐकू नका.