बोटीवर चढलेला पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. रंगाने काळा, आणि वजनाने असा की उचलणाऱ्याने आधी आपली कंबर सांभाळावी. तरीही मी समुद्र ओलांडला आहे, आणि हे सांगताना माझी छाती अजून फुगते.

जामखेडजवळच्या खर्ड्याच्या एका पाथरवटाने मला घडवलं. टाकीचे घाव सोसले, तेव्हा कुठे अंगाला धार आली. बायका म्हणतात, पाटा ही आई आणि वरवंटा तिचं लेकरू. मला विकत घेणाऱ्या मार्थाच्या घरी आम्हा मायलेकरांचं फार कौतुक. ती लसणाची चटणी वाटू लागली की वास गावभर जाई. चटणी मात्र ख्रिस्ती वस्तीबाहेर कधी गेली नाही, कारण गावातले लोक तिच्या हातचं खात नसत. हे तिच्या मनाला फार लागे.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला, यशयाला, आफ्रिकेत रेल्वेकडे सुतारकाम मिळालं.

"एवढा धोंडा कशाला नेती?" तो म्हणाला.

"तितं तरी कुनी माज्या हातचं खाईल," मार्था म्हणाली. मग काय, यशयाच्या खांद्यावर बसून मी थाटात बोटीवर चढलो.

बोटीवरचा पहिला दिवस म्हणजे निम्मी जत्रा. आधी डॉक्टर जीभ आणि डोळे बघतो. मग उघड्या डेकवर जो आधी वळकटी पसरेल त्याची जागा. आमच्या शेजारी राधाकृष्ण आणि त्याची बायको छबूबाई यांनी बिछाना टाकला. तेही जामखेडकडचेच शेतकरी निघाले.

"आपल्याकडलंच मानूस भेटलं, बरं झालं," छबूबाई हरखून म्हणाली. "पावनं, नाव काय तुमचं?"

"यशया."

नाव ख्रिस्ती, हे तिच्या ध्यानात आलं. तिने आपली ट्रंक ओढली आणि दोन बिछान्यांच्या मधोमध घातली. मार्थाचा चेहरा एवढासा झाला.

भोंगा झाला, किनारा मागे पडला आणि बोट डुलू लागली. बघता बघता निम्मा डेक डोकं धरून बसला. पोरं ओकत होती, छबूबाई डोळे मिटून आडवी झाली होती. मार्थाने माझ्यावर आलं आणि मीठ घेतलं. ती वाटत होती, एवढ्यात बोट एका अंगावर कलली. वरवंटा तिच्या हातातून निसटला आणि गडगडत थेट कठड्याकडे निघाला. कठड्याखाली मोकळी फट होती आणि फटीपलीकडे समुद्र. मला जागचं हलता येईना. आपल्या जडपणाचा मला जन्मात पहिल्यांदा राग आला.

छबूबाईने डोळे उघडले. पडल्या पडल्याच तिने झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्याला पोटाशी धरलं. तिची बोटं आल्याने माखली.

"ठिव तितंच," राधाकृष्ण म्हणाला. "त्येंचं ते नेतील."

"आईपासनं लेकरू तोडू व्हय?" छबूबाई म्हणाली. तिने ट्रंक पायाने सारली, वरवंटा माझ्यावर ठेवला आणि मार्थापुढे हात पसरला. "बाई, मला बी द्या थोडं. लई मळमळतंय."

मार्थाने माझ्यावरचं आलं बोटाने निपटून तिच्या हातावर ठेवलं. छबूबाईने ते आलं चाटलं, डोळे बारीक केले आणि पुन्हा हात पुढे केला. मग राधाकृष्ण आला. मग कोकणी, गुजराती, पंजाबी आयाबाया पोरांना घेऊन आल्या. माझ्याभोवती गर्दी मावेना. कुठल्या राजाचा दरबार एवढा भरला असेल?

सूर्य बुडताना छबूबाई पदर खोचून माझ्यापुढे बसली. "सरका, दमला तुमी. आता मी वाटते." तिने लसणाची चटणी वाटली, शिदोरीतल्या भाकरीवर ठेवली आणि पहिला घास मार्थाला दिला. मार्था रडत रडत हसत होती आणि खात होती. मित्रांनो, त्या दिवशी आम्ही जिंकलो.

आता घरात वाटायचं यंत्र आलं आहे आणि मी परसात पडून असतो. कधी मला धुऊन पुसून ठेवलंत तर बरं वाटेल, विसरलात तरी रागवणार नाही. पण माझ्यावर कधी काही वाटलंत, तर ते एकट्याने खाऊ नका.