सोबनचं उड्यार

जेठ महिना लागला की सतेश्वरीला डोंगर चढणं चुकायचं नाही. खालच्या बाजारातून शहरातली माणसं बर्फाच्या गुहा बघायला हसतखिदळत वर चढायची आणि त्यांच्यामागून ती व तिची सासू बिशनी. बाकीचे गंमत बघायला जात, या दोघी माणूस शोधायला. यंदाचं हे सातवं वर्ष.

सतेश्वरीचा नवरा सोबन याच गुहांचा वाटाड्या होता. दिल्लीचा एक दीडशहाणा फोटोसाठी आत घुसला, त्याला बाहेर ढकलायला सोबन गेला आणि छत कोसळलं. दीडशहाणा वाचला. पुढे त्याने मिठाईचा डबा पाठवला, तो बिशनीने म्हशीपुढे टाकला. प्रेत काही मिळालं नाही. त्या गुहेला गावात तेव्हापासून सोबनचं उड्यार, म्हणजे सोबनची गुहा, म्हणू लागले.

दर्भाचा पुतळा जाळून मोकळं होता आलं असतं. पण बिशनीचं म्हणणं, बर्फ माणसाला खात नाही, सांभाळून ठेवतं; मेंढपाळांची मेंढी बारा वर्षांनी जशीच्या तशी निघाली नव्हती का? शिवाय तिच्याकडे पुरावा होता. मेलेल्याला जागरात ढोल वाजवून हाक मारतात आणि तो घरातल्या कुणाच्या तरी अंगात येऊन बोलतो. सोबनसाठी ढोल वाजवून वाजवून ढोलक्याचे हात सुजले, तरी तो कुणाच्या अंगात आला नाही. आला नाही, म्हणजे मेला नाही. आणि जित्या माणसासाठी रडणं अशुभ. म्हणून सतेश्वरीने सात वर्षं हातभर बांगड्या घालून कोरड्या डोळ्यांनी म्हशीची धार काढली.

खरं काय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. सोबन आला होता. जागरात तिच्या पायांतून कंप चढला, जीभ जड झाली आणि तिने खांबाला मिठी मारून, दातावर दात आवळून त्याला परतवलं. आपल्या तोंडून त्याचा आवाज निघाला की नवरा मेला, एवढंच तेव्हा तिला कळत होतं. पुढे सांगायची छातीच झाली नाही. आज मात्र ती ठरवून निघाली होती. काही सापडलं नाही तर सांगून टाकायचं आणि पोटभर रडायचं.

शेवटच्या चढाखाली चहाची टपरी लागली. टपरीवाला मंगसीर म्हणाला, "काकी, यंदा उड्यार राहिलंच नाही. वर जाऊन काय दगड बघणार?"

"तुझा चहा बघण्यापेक्षा बरे," बिशनी म्हणाली आणि थांबलीही नाही.

मंगसीर खरं बोलत होता. गुहांच्या जागी करडा चिखल, धोंडे आणि मधून खळखळणारं गढूळ पाणी. बर्फाचा कडा पार वर, दोन वळणं मागे गेला होता. फसलो म्हणत शहरातली माणसं परत फिरली. बिशनी धोंड्याधोंड्यांतून वाकून हिंडली, तिने चिखलात हात घालून चाचपलं. चिंधीसुद्धा मिळाली नाही. सतेश्वरीला तिची कीव आली, आणि आज हे संपणार म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेची तिला लाज वाटली.

सासू दमून बसली तशी ती म्हणाली, "आई, तो आला होता. जागरात, माझ्या अंगात. मीच येऊ दिला नाही."

बिशनीने तिच्याकडे पाहिलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"रडायचंय तुला, म्हणून बोलतेस," ती म्हणाली. "कळतं मला. मला काय रडावंसं वाटत नाही?"

"खरंच सांगते, आई. तुमच्या गळ्याशपथ."

"शपथा घेऊ नकोस. अगं, बर्फ मागे सरकलंय. ते काय त्याला उघड्यावर टाकून जाईल? बर्फाबरोबर तोही वर गेला असणार. पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच निघू, म्हणजे तिथवर पोचता येईल."

सतेश्वरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बिशनीने स्वतःच्या पदराने ते घाईघाईने टिपलं.

"पूस. वरून बघत असेल तो."

सतेश्वरीने डोळे पुसले. मग मान वर करून पाहिलं. हे सगळं बर्फ वितळायला अजून किती उन्हाळे लागतील, याचा अंदाज तिला खालून येईना.