नव्या मापाचा डबा

बार्शीटाकळीत खुशालराव गुरुजींएवढा दशमान पद्धतीचा कैवारी दुसरा नव्हता. गावातले वाणी अजून शेर-पावशेरालाच चिकटलेले, आणि गुरुजी त्यांच्या दुकानापुढे उभे राहून ग्रॅम-किलोचं कीर्तन करायचे. घरात मात्र हा माणूस बायकोशी दोन शब्द धड बोलेल तर शपथ.

त्यांच्या बायकोचं, कौशल्याचं दूध मुदतीच्या तापात आटलं, तेव्हा बाळ दोन महिन्यांचं होतं. सासू पार्बताबाईंनी शेळीचं दूध पाजून पाहिलं, ते पचेना. मग गुरुजींनी अकोल्याहून भुकटीच्या दुधाचा डबा आणला. डब्यावरचं सगळं इंग्रजीत. ते वाचून त्यांनीच सांगितलं, "बाटलीभर पाण्यात चार चमचे." कौशल्यानं ते मनाशी पक्कं धरलं आणि बाळ चांगलं बाळसं धरू लागलं.

पुढचा डबा आला तो नव्या मापाचा. चित्र तेच, रंग तोच, पण औंस जाऊन ग्रॅम आणि मिलिलिटर आलेले. गुरुजींचा आनंद गगनात मावेना. त्यांनी डबा भिजवून वरचा कागद अलगद सोडवला.

"शाळेत लावतो. पोट्ट्यायले डोयानं दिसलं पाह्यजे."

"पण याच्यातला चमचा बारका हाय जी," कौशल्या म्हणाली. "चारच टाकू का?"

"मापाचं नाव बदललं, दूध तेच हाय. चारच टाक." कागदाला सुरकुती पडू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

बाळ आता बाटली संपली तरी तिचं रबरी बोंड चोखत राही आणि किंचाळे. एकदा कौशल्याचा हात पाचव्या चमच्याकडे गेलाही. पण शिकल्या-सवरल्या नवऱ्याचा शब्द. दूध जड होऊन बाळाला बाधलं तर? तिनं हात आखडला. हळूहळू रडणं थांबलं. घरात शांतता झाली, आणि घरातल्यांना ते बरंच वाटलं.

"या डब्याले बरकत हाय वं माय," पार्बताबाई म्हणाल्या. "सरता सरत नाई." सासूच्या तोंडून कधी नव्हे तो चांगला शब्द आला म्हणून कौशल्या सुखावली. त्या सुखावण्याची तिला पुढे जन्मभर किळस वाटली.

बाळाची मान सावरेना, तेव्हा दोघं त्याला घेऊन अकोल्याला गेली. डॉक्टरांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"दूध कोणतं देता?"

कौशल्यानं पिशवीतून डबा काढला.

"यावरचा कागद कुठे आहे? काय लिहिलं होतं?"

गुरुजींना ते तोंडपाठ होतं. रोज वर्गाकडून म्हणवून घेत होते ते. त्याच सुरात त्यांनी सुरू केलं, "एक सपाट चमचा भुकटी, तीस मिलिलिटर पाणी..." आणि मध्येच त्यांची नजर डब्यातल्या बारक्या चमच्यावर गेली.

"बाटली आठ औंसांची ना? म्हणजे आठ चमचे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही किती घालत होता?"

"चार," कौशल्या म्हणाली.

डॉक्टरांनी उपचारांची शर्थ केली, पण अंगात काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाळ गेलं.

घरी बायाबापड्या भेटायला आल्या. पार्बताबाई ऊर बडवून म्हणाल्या, "मायचाच हात आखडता. डबा पुरवत बसली अन् लेकरू मारलं!"

कौशल्यानं नवऱ्याकडे पाहिलं. ते एक वाक्य बोलतील, एवढीच तिची आशा होती. गुरुजी सतरंजीचा दोरा ओढत बसले होते.

मग तीच सासूला म्हणाली, "आठ चमचे पाह्यजे होते, मामी. यायनं साऱ्या शाळेले सांगितलं, मले नाई सांगितलं."

"नवऱ्यावर ढकलतं का वं?" पार्बताबाई तिच्या अंगावर धावल्या. "मास्तर हाय तो! त्याले माप कळत नाई?"

बायांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी उठले, त्यांनी टोपी घातली आणि शाळेत निघून गेले.