पाऊण पिंप

नात ओरडली ती आनंदाने. "आजोबा, पाण्यात रंग आलेत! निळा, जांभळा, सगळे!"

मापसाहेब दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच ठेवून ते मागच्या दाराशी आले. विहिरीतून नुकतंच काढलेलं पाणी बादलीत होतं, त्यावर तवंग तरंगत होता आणि चार वर्षांची नात त्यात बोट घालून रंग गोल गोल फिरवत होती. त्यांनी तिचा हात असा काही खसकन ओढला की पोरीने भोकाड पसरलं. त्यांनी तेच ओलं बोट नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता. इंजिनच्या तेलाचा.

ही विहीर गल्लीतल्या अकरा घरांची. घरचं पिण्याचं पाणी तिचंच, स्वयंपाक तिच्याच पाण्याचा. गेले दोन महिने नातीचं पोट बरं नव्हतं. आजी रोज पाणी उकळून, गाळून तिला पाजत होती. तेच हे पाणी.

"अहो, काय झालं?" बायको धावत आली. त्यांनी बादलीकडे नुसतं बोट केलं. तिने तोंडाला पदर लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

मापसाहेबांना मात्र विचार करायला वेळ लागला नाही. इंजिनचं तेल म्हटल्यावर आणखी कुणाचं असणार? भिंतीपलीकडे मिस्त्रीचं गॅरेज होतं. पंधरा वर्षं तिथे गाड्या खोलल्या जात होत्या, जोडल्या जात होत्या. मापसाहेब अर्ध्या दाढीनिशीच तिथे पोचले.

आता त्यांना मापसाहेब का म्हणत, तेही सांगायला हवं. उभी नोकरी त्यांनी दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात घालवली. एका दूधवाल्याचं माप चमचाभर कमी भरलं, तर भर बाजारात ते माप त्यांनी जप्त केलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी मोटार घेतली आणि तिचं तेल ते स्वतःच बदलू लागले, कारण दुसऱ्याच्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता. दर चौथ्या महिन्याला, रविवारी सकाळी, गाडीखाली तसराळं, डोक्याला रुमाल. मग वहीत नोंद. तारीख, किलोमीटर, किती तेल काढलं, किती घातलं. गल्लीत कुणी विचारलं तर वही दाखवायचे. कुणी नाही विचारलं तरी दाखवायचे.

"मिस्त्री! लाज वाटत नाही? अकरा घरांच्या पाण्यात तेल सोडलंत!"

मिस्त्री एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. "साहेब, काय बोलताय? माझ्याकडे एक थेंब जमिनीवर सांडत नाही. या, बघा तरी."

बघण्यासारखं होतंच. कोपऱ्यात निळं दोनशे लिटरचं पिंप, पिंपाखाली लोखंडी तबक, पिंपावर जाळी आणि जाळीवर उलटे ठेवलेले जुने फिल्टर. त्यांच्यातून रात्रभरात शेवटचा थेंब गळेपर्यंत मिस्त्री त्यांना हात लावत नसे. पिंपावर खडूने रेघा ओढलेल्या, प्रत्येक रेघेशी तारीख. पिंप भरलं की परवानाधारक गाडी यायची, जुनं तेल घेऊन जायची आणि पावती द्यायची. पण मापसाहेब दारातच उभे राहिले. ठरवून आलेल्या माणसाला बघायचं नसतं.

"मग तेल आकाशातून पडलं का?"

मिस्त्रीलाही आता राग आला. "साहेब, गल्लीत गाड्या काय एकट्या माझ्याच आहेत? तुमच्या गाडीचं तेल कुठे जातं?"

"माझं मी घरी बदलतो. तुमच्या दारात यायची वेळ अजून आलेली नाही," असं ठणकावून मापसाहेब वळले. प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळपर्यंत तक्रार तयार झाली. अक्षर मोत्यासारखं, खाली अकरा सह्या. चौथ्या दिवशी पालिकेच्या माणसांनी चौकशी होईपर्यंत गॅरेजला सील ठोकलं. मिस्त्री आणि त्याची बायको रस्त्यावर उभे राहून बघत होते. दुरुस्तीला आलेल्या तीन गाड्या आतच अडकल्या आणि त्यांचे मालक मिस्त्रीलाच फैलावर घेत होते. मिस्त्रीच्या बायकोने मापसाहेबांकडे बघून एवढंच म्हटलं, "तेल आमचं निघालं तर आम्ही गल्ली सोडून जाऊ. नाही निघालं तर तुम्ही काय कराल?"

"निघेलच," मापसाहेब म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तपासनीस बाई आल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या, पायात गमबूट. बरोबर दोन खोदकामगार आणि जमिनीत घुसवायचा पोकळ लोखंडी नळ. गल्ली सगळी गोळा झाली. मापसाहेब सगळ्यात पुढे, काखेत वही. गरज पडली तर आपली शिस्त दाखवायला ती आणली होती.

पहिला नळ गॅरेजच्या भिंतीला लागून ठोकला. माती आली ती तांबूस, कोरडी. बाईंनी हुंगली आणि बाजूला ठेवली. दुसरा नळ गॅरेज आणि विहिरीच्या मध्ये. तीच तांबूस माती. लोक कुजबुजू लागले. मापसाहेब म्हणाले, "आणखी खोल जा." माणसं खोल गेली. तांबूसच.

मग बाई विहिरीभोवती चालत फिरल्या आणि मापसाहेबांच्या न्हाणीघरामागे येऊन थांबल्या. तिथे एक गुलाबाचं वाळकं खोड होतं आणि शेजारी फरशी.

"इथलं झाड कधी मेलं?"

"तीनदा लावलं," मापसाहेबांची बायको म्हणाली. "तिन्ही वेळा गेलं. माती वाईट आहे म्हणतात हे."

फरशीला लागून तिसरा नळ खाली गेला. वर काढला, तेव्हा माती नव्हतीच ती. काळा, चकचकीत, चिकट लगदा. वास उन्हात असा उसळला की पुढची माणसं मागे सरली.

मापसाहेब मात्र जागचे हलले नाहीत. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी कळलं.

कारण त्या फरशीखाली खड्डा होता. त्यांनीच खणलेला. त्यात खडी, वाळू आणि वर कोळशाचा थर. त्यांच्या वडिलांनी असाच केला होता. वडील म्हणायचे, जमिनीतून आलेलं जमिनीला परत करावं. ती गाळून घेते. चौदा वर्षं दर चौथ्या महिन्याला फरशी उचलायची, तसराळं ओतायचं, तासाभरात खड्डा कोरडा. जमीन किती स्वच्छ पिते, याचं त्यांना कौतुकच वाटायचं. विहीर तिथून वीस पावलांवर होती. आयुष्यभर जगाची मापं काढणाऱ्या माणसाने ही वीस पावलं कधी मोजलीच नाहीत.

त्यांना हे आठवलं नव्हतं असंही नाही. त्यांना ते तेल सांडणं वाटलंच नव्हतं. सांडतात ते इतर लोक.

"गॅरेजमधूनच झिरपत आलं असणार!" मागून एक शेजारी म्हणाला. दोघांनी री ओढली. अकरा सह्यांचा मान राहायला हवा होता.

"मधली माती कोरडी आहे," बाई म्हणाल्या. मग फरशीकडे बघत त्यांनी विचारलं, "याच्याखाली काय आहे? इथे कधी काही ओतलं जायचं?"

कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त दोघांना, आणि त्यातली एक पदराचं टोक मुठीत धरून नवऱ्याकडे बघत होती. "जुना शोषखड्डा आहे, आधीच्या मालकाचा," एवढं मापसाहेबांनी म्हटलं की भागलं असतं. आधीचा मालक कधीच वारला होता. कुणी त्याला विचारायला जाणार नव्हतं.

तेवढ्यात नात आजीचा हात सोडून पुढे आली. नळातल्या काळ्या लगद्यावर ऊन पडलं होतं. "आजोबा, इथे पण रंग आहेत," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" मापसाहेब ओरडले. आवाज इतका फाटला की सगळी गल्ली चपापली. "विष आहे ते. मी ओतलंय."

त्यांनी काखेतली वही बाईंच्या हातात दिली. बाईंनी पानं उलटली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. "चार रकाने आहेत," त्या म्हणाल्या. "काढलेलं तेल गेलं कुठे, तो रकाना कुठे आहे?"

"तो नाही," मापसाहेब म्हणाले.

दुपारी गॅरेजचं सील निघालं. मापसाहेब तिथे गेले आणि या वेळी दारात थांबले नाहीत. मिस्त्री काम करत नव्हता, स्टुलावर बसून होता.

"मिस्त्री, चुकलं माझं. फार चुकलं. पालिकेत लिहून दिलंय, गल्लीतही घरोघरी जाऊन सांगतो."

"सांगाल हो," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण मऊही झाला नाही. "तुम्ही सांगाल, मीही ऐकून घेईन. पाणी कुणाचं ऐकणार आहे? तेल एकूण किती, ते तरी काढलंत का?"

काढलं होतं. "वर्षाला तीनदा, साडेतीन लिटर. चौदा वर्षं. एकशे सत्तेचाळीस लिटर."

मिस्त्री उठला आणि कोपऱ्यातलं एक रिकामं निळं पिंप ओढून मापसाहेबांसमोर उभं केलं. खिशातला खडू काढून त्यांच्या हातात दिला. "हे दोनशेचं. माप तुमचं खातं, साहेब. रेघ तुम्ही ओढा."

मापसाहेबांनी पिंपावर वीत धरली. वरून पाव भाग सोडला आणि रेघ ओढली. रेघ वाकडी आली. आकडा तोंडाने सांगताना तो नुसता आकडा होता. आता तो समोर उभा होता. पाऊण पिंप काळं तेल, त्यांच्या घराखाली, वीस पावलांवर विहीर.

गेल्याच महिन्यात दाराच्या चौकटीवर त्यांनी नातीची उंची मोजली होती. पेन्सिलची ती खूण त्यांना आठवली. ही रेघ तिच्या छातीपर्यंत आली असती.

ते पिंपाशेजारी खालीच बसले. मिस्त्रीने त्यांना उठवलं नाही.